दोष बागेचा नव्हता

चीनमधल्या जुन्या बागांवर गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत जोरकस हल्ला कुणा परक्याने केलेला नाही. तो केला कोंगजियान यू या चिनी भूदृश्यरचनाकारांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : चीनमधल्या वरच्या वर्गाने शतकानुशतकं मुलींचे पाय बांधून ठेवले, त्यांना धड चालताही येऊ दिलं नाही आणि त्या अधू पायांना सुंदर म्हटलं. तीच नजर मग जमिनीकडेही वळली. नदीचे काठ दगडांनी बांधून काढले गेले, फळं देणारं झाड जाऊन नुसती फुलं देणारं झाड आलं, खडकांचे खोटे डोंगर रचले गेले आणि त्यांच्या भोवती नक्षीदार मंडप नि वाकडेतिकडे पूल उभे राहिले. सुझोऊच्या बागा हा या नजरेचा कळस. आजच्या शहराला त्यांचा उपयोग नाही. त्याला हवेत शेतकऱ्याचे न बांधलेले, चिखलात उतरणारे मोठे पाय.

हे बोलणारा माणूस किरकोळ नव्हता. १९६३ साली जेजियांग प्रांतातल्या एका खेड्यात जन्मलेले यू हार्वर्डला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले, १९९८ मध्ये त्यांनी 'तुरेनस्केप' ही संस्था काढली आणि पावसाचं पाणी गटारात न लोटता शहराच्या पोटात मुरवा, हा विचार चीनच्या सरकारी धोरणापर्यंत पोहोचवला. २०२३ मध्ये त्यांना भूदृश्यरचनेतला ओबरलँडर पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात ते गेले. मुंबई आणि चेन्नईच्या पुरांनंतर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशा पाणी मुरवणाऱ्या शहरासाठी 'स्पंज सिटी' हा शब्द सारखा दिसू लागला, त्यामागे त्यांचीच मेहनत आहे. पाण्याबद्दल ते जे बोलले ते मला मान्य आहे. आणि म्हणूनच बागांबद्दलचं त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला आवश्यक वाटतं. पाण्याच्या विचाराचं बोट धरून हा आरोपही देशोदेशी पोहोचतो आहे, आणि एवढ्या अधिकाराच्या माणसाने केलेला आरोप सहसा कुणी तपासून पाहत नाही.

हा आरोप ज्या बागेला सर्वांत आधी लागू पडायला हवा, तिथूनच सुरुवात करू. झुओझेंग युआन ही सुझोऊतली सर्वांत मोठी जुनी बाग. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वांग शियानचेंग नावाच्या, नोकरीतून बाजूला झालेल्या अधिकाऱ्याने ती उभारली. त्याचा स्नेही वेन झेंगमिंग हा त्या काळातला मोठा चित्रकार. त्याने १५३३ मध्ये या बागेची ३१ चित्रं काढली, त्यांना कविता जोडल्या आणि बाग कशी झाली त्याची हकिगतही लिहून ठेवली. जागा मोकळी होती, मधोमध पाणी साचलेलं होतं. वांगने ते थोडं उपसून, खोल करून भोवती झाडं लावली, असं ती हकिगत सांगते. म्हणजे पाणथळ बुजवली नाही. पाणी जिथे साचत होतं तिथेच राहू दिलं, त्याला फक्त आकार दिला. शहरातल्या सखल, पाणी धरणाऱ्या जागेचं काय करायचं, हा यू यांचा आयुष्यभराचा प्रश्न. वांगने पाचशे वर्षांपूर्वी त्याला दिलेलं उत्तर यू यांच्या उत्तरापेक्षा फारसं वेगळं नव्हतं.

त्या चित्रांत काय काय दिसतं तेही पाहण्यासारखं आहे. आलुबुखारांची राई आहे, सफरचंदाच्या जातीच्या झाडांची बाग आहे, संत्र्यांची झाडं आहेत. एका मंडपाचं नाव आहे 'गोठलेल्या दवाची वाट पाहणारा मंडप'. थंडीत दव गोठायला लागलं की संत्री पिकतात, म्हणून. त्या नावाचा मंडप आजही तळ्यातल्या टेकाडावर उभा आहे. फळ कधी पिकेल याची वाट पाहत बसायला बांधलेलं छप्पर म्हणजे पाय बांधून ठेवणाऱ्या मनाची निर्मिती, असं मला तरी म्हणवत नाही. कलेतिहासकार क्रेग क्लुनास यांनी १९९६ च्या 'फ्रूटफुल साइट्स' या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे : मिंग काळाच्या मध्यापर्यंत बाग ही पिकाऊ मालमत्ता होती, निव्वळ देखणेपणाची आवड नंतर वाढली. यू ज्या बागेवर चिडले ती ही नंतरची बाग. त्यांचा राग खोटा नाही. पण एका घराण्याच्या चौथ्या-पाचव्या पिढीचा दोष मूळ पुरुषाच्या माथी मारावा, तसं इथे झालं आहे.

आता बांधकामांकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे. मंडप, छपराखालची लांब वाट, जाळीच्या खिडक्या, नागमोडी पूल, गोल दार : यू यांच्या लेखी ही सगळी आभूषणं. माझं म्हणणं असं की ही साधनं आहेत. चालणाऱ्या माणसाची गती, नजर, ऊन, पाऊस आणि अंतर यांचा हिशेब करून ती घडवलेली आहेत. त्यांचा आकार जुना झाला असेल, पण तो हिशेब जुना झालेला नाही.

झुओझेंग युआनच्याच तळ्याच्या पूर्व टोकाला चारही बाजूंना गोल दारं असलेला एक चौकोनी मंडप आहे. तिथून जवळच उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं की पाण्याचा लांब पट्टा, दोन्ही काठांची झाडं आणि त्या सगळ्याच्या शेवटी, झाडांच्या वर, उत्तरेकडच्या देवळाचा मनोरा दिसतो. मनोरा ७६ मीटर उंच आहे, आणि तो बागेत नाहीच. बाहेर शहरात, चांगला लांब आहे. बाग मात्र अशी रचली आहे की तो तिच्यातलाच वाटावा. जी चेंग या रचनाकाराने १६३४ मध्ये छापलेल्या 'युआन ये' या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण याच कलेवर आहे : जे आपल्या कुंपणाबाहेर आहे ते आत उसनं घेणं. आता हा विचार आजच्या शहरात आणून पाहा. मनोरा दिसत राहावा म्हणून मधल्या घरांच्या उंचीवर बंधन लागतं. सुझोऊच्या जुन्या शहरात ते आजही आहे. एका बागेतली एक जागा अख्ख्या शहराच्या आभाळरेषेवर हक्क सांगते. नगररचनेतलं इतकं प्रभावी साधन 'नक्षी' म्हणून मोडीत काढणं मला परवडणारं वाटत नाही.

दुसरं उदाहरण त्सांगलांग तिंग या बागेचं. तिचं मूळ अकराव्या शतकातलं. सुझोऊच्या इतर बागा उंच भिंतींआड दडलेल्या. ही मात्र सार्वजनिक कालव्याच्या काठावर उघडी आहे. काठाने एक दुहेरी छपराची वाट जाते. मध्ये भिंत, भिंतीच्या एका अंगाला कालव्याकडे तोंड करून चालायचं, दुसऱ्या अंगाला आतल्या टेकडीकडे. भिंतीत जाळीच्या खिडक्या, एकीची नक्षी दुसरीसारखी नाही. चालता चालता जाळीतून पलीकडलं पाणी तुटक तुटक दिसत राहतं. एका खिडकीतून एक फांदी, पुढच्या खिडकीतून पाण्यावरचा उजेड, त्यापुढच्या खिडकीतून नुसती सावली. आतल्याला बाहेरचं पाणी मिळतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही बागेचा थोडा वाटा मिळतो. सार्वजनिक उद्यान आणि रस्ता यांच्यामध्ये काय असावं, या प्रश्नावर आज आपण लोखंडी कठडा किंवा पत्र्याचं कुंपण यापलीकडे जात नाही. त्सांगलांग तिंगच्या भिंतीत त्याचं कितीतरी समृद्ध उत्तर आहे.

पावसाचं तर विचारूच नका. झुओझेंग युआनमध्ये एक लहानसा चौक आहे, केवळ पाऊस ऐकण्यासाठी. तिथे केळी लावल्या आहेत. पानावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज छपराखाली बसून ऐकायचा. कोकणात परसदारी केळी असलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. पावसाला शत्रू न मानणारं, पावसात माणसाला बाहेर बसवणारं बांधकाम हीच तर यू यांची मागणी होती.

पायाखालचीही तीच गोष्ट. या बागांतल्या पाऊलवाटा फुटकी कौलं, विटांचे तुकडे, गोटे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे कपटे उभे रोवून केलेल्या असतात. टाकाऊ माल वापरावा, असं जी चेंगही सांगतो. हाच धागा वास्तुकार वांग शू यांनी निंगबोच्या इतिहास संग्रहालयाच्या भिंतींत पाडलेल्या घरांची कौलं आणि विटा वापरून पुढे नेला आणि २०१२ मध्ये त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आणि यू यांची स्वतःची उद्यानं? हार्बिन शहरातलं चुनली हे त्यांचं नावाजलेलं काम. ३४ हेक्टरांची सुकत चाललेली पाणथळ त्यांनी वाचवली. मधला भाग जसाच्या तसा ठेवला, कडेने तळ्यांची आणि मातीच्या टेकाडांची माळ केली, टेकाडांवर बर्च लावले. हे सगळं अप्रतिम आहे. पण माणसाने तिथे काय करायचं? टेकाडांवरून जाणारी उंच वाट आहे, ती वळत वळत पाण्यावरून जाते, आणि तिच्या कडेने मंडप आहेत : बांबूचा, लाकडाचा, विटांचा, दगडाचा, धातूचा. छिनहुआंगदाओच्या तांग नदीकाठी त्यांनी केलेला 'लाल पट्टा' जगभर छापून आला. झाडीतून जाणारा ५०० मीटर लांबीचा, रात्री आतून उजळणारा बाक. त्याच्याही कडेने ढगांच्या आकाराची छपरं आहेत, उन्हापासून आडोसा म्हणून, चार माणसं जमावीत म्हणून. वळणारी वाट, तिच्यावर ठरावीक अंतराने थांबायला छप्पर, छपरातून नेमकी एक दिशा दाखवणारी चौकट : ही सुझोऊचीच भाषा आहे. यू यांनी लेखांत जिला हाकललं तिच्यावाचून त्यांच्या हाताचं पान हलत नव्हतं. याबद्दल मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. माझ्या दृष्टीने हा त्या बांधकामांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण तो विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराकडून आलेला आहे.

मग यू एवढे कशावर संतापले होते? आजूबाजूला जे उभं राहत होतं त्यावर, असं मला वाटतं. गेल्या चार दशकांत चीनच्या शहराशहरांत काँक्रीटचे मंडप उगवले. टोकं वर वळलेलं छप्पर, त्यावर चकचकीत कौलं, खांबांना लाल रंग. तो कुठे उभा आहे, तिथून काय दिसतं, वारा कुठून येतो, यापैकी कशाचाही विचार नाही. चौक मोकळा दिसतोय, ठेवा एक मंडप. वाकडा पूलही असाच. भूत फक्त सरळ चालतं म्हणून पूल वाकडा, ही पर्यटकांना सांगायची गोष्ट; खरं कारण असं की प्रत्येक वळणाला चालणाऱ्याचं तोंड फिरतं, समोरचा देखावा बदलतो आणि लहानसं तळं मोठं वाटू लागतं. ज्या पुलाच्या सगळ्या वळणांवरून एकच वाहनतळ दिसतो त्या पुलाने वाकडं असण्याचं काहीच कारण उरत नाही. या नकलांबद्दल यू जे बोलले त्याला माझी पूर्ण संमती आहे. फक्त नकलाकार आणि यू या दोघांची चूक एकच आहे : दोघांनीही छपराच्या आकारालाच मंडप समजलं. एकाने तो आकार डोक्यावर घेतला, दुसऱ्याने पायदळी तुडवला. त्या आकाराखाली काय घडतं, हे दोघांनीही पाहिलं नाही.

ते ज्यांनी पाहिलं त्यांचं नाव फेंग जिझोंग. जन्म १९१५, वास्तुकलेचं शिक्षण व्हिएन्नात, पुढे शांघायच्या तोंगजी विद्यापीठात अध्यापन. शांघायजवळच्या सोंगजियांगमध्ये सोंग काळातल्या एका नऊ मजली चौकोनी मनोऱ्याभोवती सार्वजनिक उद्यान करण्याचं काम सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे आलं. त्या जागेवर मिंग काळातली, १३७० ची एक कोरीव विटांची भिंत होती, आणि एक जुनं देऊळ शांघाय शहरातून हलवून तिथे आणून उभं करायचं होतं. म्हणजे तीन काळांच्या तीन वस्तू. अशा वेळी सोपी युक्ती असते : बाकीचं सगळं जुन्यासारखं बांधायचं, म्हणजे कुठे काही खटकत नाही. फेंग यांनी ते केलं नाही. उत्तरेच्या दरवाजाला त्यांनी पोलादी सांगाडा दिला आणि वर साधी करडी कौलं घातली, दोन पाखी एकमेकांपासून सरकवून. तिथून आत जायला दगडी भिंतींमधून वळत जाणारी, जमिनीत उतरवलेली वाट केली, म्हणजे मनोरा एकदम अंगावर येत नाही. लपवायचं, वळवायचं, मग उघडायचं : ही सुझोऊच्या ल्यू युआन बागेच्या अरुंद, अंधाऱ्या प्रवेशाचीच रीत, पण एकही जुनी नक्षी न वापरता.

त्याच उद्यानाच्या कोपऱ्यात, पाण्याकाठी, १९८६-८७ मध्ये त्यांनी 'हे लोऊ श्वान' नावाचं चहाघर बांधलं. तेव्हा फेंग सत्तरी ओलांडलेले होते. सामान बांबू, गवत, विटा. छप्पर गवताने शाकारलेलं, चारही बाजूंनी खाली आलेलं, आढं मधोमध झोळलेलं. हा आकार त्यांनी राजवाड्यातून किंवा बागेतून उचलला नाही. तो सोंगजियांगच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरांचा, त्या वेळी झपाट्याने नाहीसा होत चाललेला. छपराखाली तीन जोती, पण एकाच दिशेत नाहीत. प्रत्येक जोतं आधीच्यापेक्षा थोडं वळवलेलं. त्यामुळे छप्पर एकीकडे पाहतं, फरशी दुसरीकडे, आणि बसलेल्या माणसाला आपण नेमके कोणत्या दिशेला तोंड करून आहोत ते ठरवावं लागतं. भोवती वक्र भिंती. दिवसभर त्यांच्यावरचा उजेड आणि सावली सरकत राहते.

आणि वर पाहिलं की बांबूंचा सांगाडा. सहसा असं बांधकाम करणारा सांधे मिरवतो. बघा किती कौशल्याने बांधलंय, असं सांगतो. फेंग यांनी सगळे सांधे काळ्या रंगाने रंगवले आणि बांबूंचे मधले भाग पांढरे ठेवले. छपराखालच्या अंधारात सांधे दिसेनासे होतात, आणि पांढरे बांबू कशालाच न चिकटता तरंगताहेत असं वाटतं. जड छप्पर हलकं होतं. जुन्या बागांत खांबांची रांग, पाणी आणि पांढरी भिंत यांनी जे साधायचं, वस्तू असूनही तिचं ओझं जाणवू न देणं, ते इथे रंगाच्या दोन डब्यांत साधलं आहे. यात सुझोऊतली एकही वस्तू नाही आणि सुझोऊचं सगळं शहाणपण आहे. शेतकऱ्याच्या घराचं छप्पर आणि विद्वानाच्या बागेची नजर इथे त्याच खांबांवर उभी आहेत. यू यांनी आयुष्यभर या दोघांत भांडण लावलं. त्यांनी 'तुरेनस्केप' काढण्याच्या दहा वर्षं आधीच ते सोंगजियांगमध्ये मिटलेलं होतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. या बागा एका कुटुंबासाठी होत्या. सार्वजनिक उद्यानात सुट्टीच्या दिवशी हजारो माणसं येतात. तीन फुटांच्या वाटेवर ती मावणार कशी? सुझोऊत सुट्टीच्या दिवशी गेलेल्या कुणालाही हे पटेल. पण याचंही उत्तर चीनमध्येच आहे. बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात तळ्याकाठी ७२८ मीटर लांबीची छपराची वाट आहे. छिएनलोंग बादशहाने अठराव्या शतकाच्या मध्याला बांधलेली, १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळलेली, नंतर पुन्हा उभारलेली. राजवाडा १९२४ पासून सार्वजनिक उद्यान आहे, आणि ही वाट रोज प्रचंड गर्दी झेलते. खांबाखांबांमधला कठडा बसण्याच्या उंचीचा आहे, म्हणून वेगळ्या बाकांची गरज पडत नाही. चालणारे मधून चालतात, दमलेले कडेला टेकतात. मंडप दहापट मोठा करून गर्दी मावत नाही, तो फक्त बेढब होतो. वाट लांबवायची, थांबे वाढवायचे, अंतरं राखायची. वाढवायची ती संख्या. माप माणसाच्या शरीराचंच राहू द्यायचं.

वास्तुकार आय. एम. पेई यांच्या सुझोऊ संग्रहालयाचा दाखला या वादात हमखास दिला जातो. २००६ मध्ये झुओझेंग युआनला लागून ते उभं राहिलं. कौलांऐवजी काळसर ग्रॅनाइट, लाकडाऐवजी पोलाद, तळ्यात पोलाद-काचेचा मंडप. इमारत म्हणून ती उत्तम आहे. पण पांढऱ्या भिंतीपुढे कापलेल्या शिळा रांगेने ठेवून त्यांनी जो डोंगर केला आहे तो फक्त पाहायचा आहे, एका जागी उभं राहून, चित्रासारखा. एकेकाळी पेईंच्या घराण्याच्या मालकीच्या असलेल्या शिझीलिन बागेतले खडक चढायचे असतात, त्यांच्या गुहांतून वाट हरवायची असते. लहानपणी पेई स्वतः तिथे खेळले होते. संग्रहालयाला चित्र शोभतं. उद्यानाला चढता येणारा खडकच हवा, म्हणून नव्या उद्यानांनी फेंग यांच्याकडून शिकावं, पेईंकडून नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

यू यांचं लेखन आता आपल्याकडच्या नियोजनकारांच्या, पर्यावरण कार्यकर्त्यांच्या आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात येतं आहे, यायलाच हवं. त्यांना माझी विनंती आहे : पाणी कसं मुरवायचं ते यू यांच्याकडून घ्या, नदीचे काठ काँक्रीटमधून कसे सोडवायचे ते घ्या, पण बागेवरचा त्यांचा आरोप त्याच गाठोड्यात बांधून आणू नका. त्यांचे लेख वाचाल तेव्हा चुनलीच्या मंडपांची छायाचित्रं शेजारी ठेवा, आणि फेंग यांच्या चहाघराचे नकाशेही. उद्यानात छप्पर घालायची वेळ आली की त्याच्या आकाराची चर्चा शेवटी करा. आधी त्या जागेवर भर उन्हात आणि भर पावसात जाऊन उभे राहा, आणि तिथे बसणाऱ्या माणसाला काय दिसायला हवं, काय ऐकू यायला हवं, ते ठरवा.